इंधन पंप बदलण्याआधी त्याचे अर्थिंग तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रॉलरची मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि दोन महिने माडाखाली उभ्या राहिलेल्या मासळीच्या पिकअप पुन्हा मालीम, शापोरा, कुटबण, वास्कोच्या खारीवाड्याकडे धावू लागतात. त्या दिवसांत गॅरेजांत एक तक्रार हमखास येते : सेल्फ जोरात फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. मेकॅनिक टाकीला कान लावतो, पंपाचा आवाज येत नाही म्हणतो आणि मालक नव्या पंपाचे पैसे मोजतो. पंप बसतो, गाडी सुरू होते, चवथीपर्यंत चालते आणि ऐन गर्दीत पुन्हा रस्त्यात उभी राहते. मग दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून भांडण.

बऱ्याचदा दोष दुकानदाराचा नसतो आणि पंपाचाही नसतो. पंप बदलताना कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लास्टिकचा प्लग, काढून परत घातला जातो. त्यात पिना एकमेकींवर घासतात आणि वर चढलेला खार तेवढ्यापुरता निघतो. गाडी सुरू झालेली असते ती त्या घासण्याने. चांगला पंप भंगारात जातो आणि खरा आजार, म्हणजे आतून खाल्लेली तार किंवा गंजलेला अर्थ (अर्थिंग, म्हणजे चेसिसमार्फत करंट बॅटरीकडे परत नेणारा जोड), गाडीतच राहतो. हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. साधा मल्टिमीटर, हेडलाइटचा एक बल्ब आणि थोडी तार पुरते. मालकांना आणि ड्रायव्हरना ते ठाऊक असावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. टाकीतच विजेचा पंप असलेल्या, पेट्रोल इंजेक्शनच्या जुन्या पिकअप आणि मालवाहू व्हॅन यांच्याबद्दल हे मुख्यतः आहे. जुन्या डिझेल गाड्यांचे गणित वेगळे, ते शेवटी सांगतो.

आपल्याकडे समुद्राची हवा खारी आहेच, पण मासळीच्या गाडीचा खरा शत्रू म्हणजे हौद्यातून गळणारे बर्फाचे पाणी. हे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांतून चेसिसवर उतरते, तिथून वायरिंगवरच्या काळ्या वळीदार नळीत शिरते आणि नळी जिथे सर्वांत खाली वाकलेली असते तिथे साचून राहते. टाकीवरचा कपलर आणि पंपाच्या अर्थचा बोल्ट बहुधा याच वाटेवर असतात. एकदा का तारेच्या तोंडातून खारे पाणी आत गेले, की ते तंतूंच्या फटींतून आवरणाखाली वीतभर, कधी हातभर वर चढते. बाहेरून तार धडधाकट दिसते. सोलून पाहावी तर तांबे काळे पडलेले, कुठे हिरवट, आणि नखाने खरवडले की तंतू तुटून हातात येतात. चोर्ला घाटातून बेळगावची भाजी आणणाऱ्या गाड्यांना मिठाचा त्रास कमी, पण ओल्या पोत्यांचे पाणी त्यांनाही सोडत नाही. डिचोली-साखळीकडे कपलरमध्ये लाल धुळीचा थर बसतो आणि तो पावसाळाभर ओल धरून ठेवतो.

तपासणीची सुरुवात चावीने करा. सेल्फ न मारता चावी फक्त ‘ऑन’वर न्या आणि दुसऱ्याला टाकीजवळ उभे करा. चांगल्या गाडीत दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा आवाज येतो आणि थांबतो. तो थांबतो म्हणजे बिघाड नव्हे. इंजिनचा कंट्रोल युनिट एवढाच वेळ पंप चालवून लाइनमध्ये दाब भरतो आणि इंजिन फिरल्याचा सिग्नल मिळेपर्यंत पंप बंद ठेवतो. हा आवाज आला, तरी सेल्फवर इंजिन पकडत नसेल, तर पंपाच्या मागे न लागता आधी क्रँक सेन्सर पाहा. तो सिग्नल देत नसेल तर युनिटला इंजिन फिरते आहे हेच कळत नाही. ज्या गाड्यांत इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) आहे त्यांत मीटरवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहिला, तर इंधनाची गोष्ट पुढची, आधी चावीचा प्रश्न.

आवाजच नाही? मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली नाही, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना व्होल्टेज फार खाली गेले, तर सेल्फ कसाबसा फिरेल, पण कंट्रोल युनिट जागे राहणार नाही आणि पंपाचा रिलेही, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विचही, ओढणार नाही. टर्मिनल सैल असताना केलेली बाकी सगळी मोजमापे फुकट जातात, म्हणून ही दोन मिनिटे टाळू नका.

त्यानंतर फ्यूज. नुसता वरून पाहू नका, काढून पायांकडे पाहा. आतली तार शाबूत आणि पाय पांढरट-हिरवे, हे दृश्य आपल्याकडे नेहमीचे. पाय आणि सॉकेट दोन्ही साफ करावे लागतात. पंपाला बहुतेक गाड्यांत १५ अँपिअरचा फ्यूज असतो. खोक्याच्या झाकणावर जो आकडा असेल तोच घालायचा. ३० चा घालणे, तारेचा तुकडा अडकवणे, सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी गुंडाळणे यांचा अर्थ एकच होतो : पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार जळेल, आणि ती तार पेट्रोलच्या टाकीपर्यंत गेलेली आहे.

रिलेला चार पाय असतात. मोठ्या रिलेवर ३०, ८७, ८५, ८६ असे छापलेले असते. ३० वर फ्यूजमधून येणारा करंट, ८७ वरून तो पंपाकडे जातो, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोके. लहान रिलेवर आकडे वेगळे असतात, पण अंगावर छोटी आकृती छापलेली असते, ती पाहून पाय ओळखा. कॉइलचा रोध मीटरवर साधारण ७० ते १०० ओहम दिसतो. तिथे काहीच दाखवत नसेल तर रिले गेला. सर्वांत सोपा उपाय म्हणजे शेजारचा तसाच रिले, बहुधा हॉर्नचा, काढून इथे लावून बघणे. पाय मात्र जुळले पाहिजेत.

एक सूचना कळकळीने करतो. कॉइलच्या ज्या टोकाला कंट्रोल युनिट अर्थ देतो, तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नका. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि युनिटमधला तो भाग रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अँपिअरच्या सातव्या-आठव्या हिश्शापुरता बनवलेला असतो. बल्ब क्षणभर पेटतो आणि पंपापेक्षा कितीतरी महाग असलेला युनिट निकामी होतो. तिथे मल्टिमीटर किंवा एलईडीचा टेस्टरच लावायचा.

रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ च्या जागा २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेने जोडा, त्या तारेत १५ अँपिअरचा फ्यूज घालून. पंप चालू झाला, तर पंप आणि त्याच्याकडे जाणारी तार निदान जिवंत आहे, दोष रिलेमध्ये किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. चालू झाला नाही तर टाकीकडे जायचे. फ्यूज सारखा उडत असेल, तर पंपाचा कपलर काढा, ही जोडतार तशीच ठेवा आणि उडणाऱ्या फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन तारांनी बसवा. बल्ब लखलखीत पेटला, तर तार कुठेतरी चेसिसला टेकली आहे. टाकीकडून पुढे येत वायरिंग थोडे थोडे हलवत या, बल्ब मंदावेल तिथे जखम सापडेल. बल्ब पेटलाच नाही किंवा नुसता मिणमिणला (त्याच फ्यूजवर आणखी काही जोडलेले असेल तर तसे होते), तर तार ठीक आहे. फ्यूज उडवतो आहे तो जाम झालेला पंप.

आता टाकीजवळचे काम. इथे घाई करून चालत नाही. बिडी-सिगारेट नाही, जवळ पावडरचे अग्निशामक नळकांडे, आणि हात घालण्याआधी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडलेले. मोजण्यापुरते ते परत जोडायचे, तेही टाकीचे झाकण आणि पंपाचे तोंड बंद असतानाच. तार चेसिसला घासून ठिणगी बघण्याची जी सवय रस्त्याकडेच्या कामात दिसते, ती टाकीजवळ जीवघेणी आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि ठिणगी लांबवरची असली तरी तिला पुरते. लाइन उघडायची असेल तर आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे दाब उतरतो.

इथवर अनेकजण येतात आणि इथेच फसतात. कपलर काढून मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, आणि ‘करंट येतोय, पंपच गेला’ असा निकाल देतात. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेतल्या तीसपैकी एक तंतू शिल्लक असला तरी तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. पंपाला लागतात पाच अँपिअर. भार पडला की त्या एका तंतूवर सगळे कोसळते. मोजायचे ते पंप जोडलेला असताना, कपलरच्या मागून पिनेपाशी मीटरची सुई घालून.

मोजमापे दोन. इंजिन चालू असताना, किंवा रिलेची जोडतार लावून पंप चालू ठेवून, मीटरची लाल सुई बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि काळी पंपाच्या धन पिनेवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवत आहेत. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालेल. नंतर एक सुई पंपाच्या अर्थ पिनेवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर. इथे पाव व्होल्टच्या वर जाता कामा नये. मासळीच्या गाड्यांत बहुधा दुसरे मोजमापच घात करते. धन बाजूची तार सगळे तपासतात, अर्थकडे कोणी पाहत नाही.

हरवलेले व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. पाच अँपिअर वाहत असताना एका खराब सांध्यावर दोन व्होल्ट पडले, तर तिथे १० वॅट उष्णता तयार होते. पार्किंगचा छोटा बल्ब ५ वॅटचा असतो. तसे दोन बल्ब कपलरच्या प्लास्टिकमध्ये कोंडून तासन्‌तास पेटते ठेवावेत, तसे होते. म्हणून पिनेभोवतीचे प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होते आणि शेवटी वितळून पिनेला मिठी मारते. कपलर काढताना तो हाताला चिकट लागला किंवा एकच पीन काळवंडलेली दिसली, तर मीटरशिवायही निदान झाले असे समजा. पंपाला साडेतेराऐवजी दहा व्होल्ट मिळाले तर तो फिरतो, आवाजही करतो, पण दाब पुरत नाही. सपाट रस्त्यावर जाणवत नाही. माल भरून घाट चढताना गाडी ओढत नाही, मिसिंग करते. मग प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ केले जातात आणि दुखणे तसेच राहते.

मागून सुई घालायला जागा नसेल तर हेडलाइटचा ६०/५५ वॅटचा बल्ब वापरा. त्याची एक बाजू पंपाएवढाच, म्हणजे पाचेक अँपिअर करंट ओढते. पंपाचा कपलर काढून बल्बच्या लांब तारा त्याच्या गाडीकडच्या पिनांना लावा आणि बल्ब टाकीपासून चांगला दूर धरा, कारण तो भाजण्याइतका तापतो. पांढराशुभ्र पेटला तर धन आणि अर्थ दोन्ही चांगले. पिवळा पेटला तर बल्बची अर्थची तार कपलरमधून काढून थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलला लावा. आता पांढरा झाला? मग गाडीचा अर्थ खराब. तसाच पिवळा राहिला? मग धन बाजू. एवढे झाल्यावर, पांढरा बल्ब आणि गप्प पंप अशी जोडी दिसली, तरच पंप दोषी.

अर्थची दुरुस्ती नीट करायची तर जुना बोल्ट नुसता आवळून भागत नाही. तो काढा, चेसिसचा भाग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, तांब्याचे नवे थिंबल (तारेच्या टोकाची कडी) दाबून बसवा, दातेरी वॉशर घाला, आवळा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आधी आणि आवळणे नंतर असे नको. माझ्या मते मासळीच्या गाडीला याहून चांगला उपाय म्हणजे चेसिसवर अजिबात विसंबू नये : पंपाच्या अर्थ पिनेपासून थेट बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत वेगळी तार ओढावी. पाच मीटर लांबीची, २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची तार पाच अँपिअरला जेमतेम ०.१८ व्होल्ट खाते. तिथे ०.५ चौरस मिलिमीटरची स्पीकरची तार घातली तर पावणेनऊ दशांश, म्हणजे ०.८८ व्होल्ट गेले. तारेच्या जाडीत वाचवलेले पैसे पंपाच्या आयुष्यातून वजा होतात.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करावा लागतो आणि पासिंगआधी चेसिसला काळा रंग मारला जातो. त्या वेळी थिंबल काढून बाजूला ठेवतात, रंग मारतात आणि वाळल्यावर थिंबल रंगावरच आवळतात. रंग वीज वाहत नाही. अर्थ मग बोल्टच्या आट्यांतून कसाबसा मिळत राहतो आणि पहिल्या पावसात तोही जातो. पासिंगनंतर महिन्या-दोन महिन्यांत गाडी बंद पडली, तर आधी तिथे बघा.

खराब तार जोडताना चकाकते तांबे लागेपर्यंत ती कापत जा, हातभर गेली तरी चालेल. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही. पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. उन्हात टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि आत पाणी जाते. सांधा दाबून, सोल्डर करून, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह बसवा. तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. सिलिकॉन भरायचे असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे घेऊ नका, त्यातले आम्ल तांब्याला खाते. वळीदार नळीला सर्वांत खालच्या वाकणाला एक भोक पाडा, म्हणजे पाणी साचणार नाही. कपलरला येणारी तार आधी खाली उतरून मग वर जाईल असा वळसा द्या. तारेवरून ओघळणारे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकेल, कपलरमध्ये शिरणार नाही.

या वाटेवर हल्ली एक नवा अडथळा असतो, जीपीएस ट्रॅकर. गाडी लांबून बंद करता यावी म्हणून ट्रॅकर बसवणारे पंपाची तार कापून मध्ये एक रिले टाकतात. तो डॅशबोर्डखाली टेपमध्ये गुंडाळून लपवलेला असतो आणि गाडीच्या मूळ नकाशात कुठेच नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाला त्याची कल्पनाही नसते. फ्यूज चांगला, रिले चांगला, टाकीपाशी मात्र करंट नाही, असे दिसले तर डॅशबोर्डखाली हात घाला. रिव्हर्स हॉर्न, हौद्यातला दिवा यांसाठी पंपाच्याच तारेला चिमटा लावून करंट घेतलेला असतो, तोही तिथेच किंवा मागच्या चाकाजवळ सापडतो. चिमट्याचे पाते तंतू कापते आणि त्याच जखमेतून पाणी शिरते. असे सगळे उपरे जोड काढून त्यांना वेगळा फ्यूज द्या.

कधी चालते, कधी बंद पडते, दुपारी तासभर चालून थांबते आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होते, अशी गाडी गॅरेजमध्ये आली की शहाण्यासारखी चालते. तिच्यासाठी पंपाच्या धन तारेवरून, कपलरच्या जवळून, एक बारीक तार १ अँपिअरच्या फ्यूजसह डॅशबोर्डपर्यंत आणा आणि तिथे १२ व्होल्टचा छोटा एलईडी दिवा लावा. ड्रायव्हरला एकच सांगा : गाडी धक्के देऊन बंद पडू लागली की त्याच क्षणी दिव्याकडे बघ. दिवा पेटलेला होता तर करंट पोहोचत होता, दोष पंपाचा किंवा अर्थचा. दिवा विझला होता तर दोष त्याच्या अलीकडे, म्हणजे फ्यूज, रिले किंवा तार. झिजलेल्या ब्रशचा पंप तापला की असाच थांबतो, आणि टाकीला खालून रबरी हातोडीने हलके ठोकले की पुन्हा फिरू लागतो. ही ठोकाठोक घरी पोहोचण्यापुरती. तसा पंप मात्र खरोखर बदलायचा असतो.

पंपाची नाडी करंटवरूनही कळते. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ च्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा आणि काही सेकंदांतच काढा. टाकीतले पंप साधारण ४ ते ७ अँपिअर घेतात. आठ-दहाच्या वर गेला तर पंप घासतो आहे किंवा फिल्टर चोंदला आहे. दोन-अडीच दिसला तर पंप कोरडा फिरतो आहे किंवा त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. शून्य दिसला तर कुठेतरी सर्किट तुटले आहे. बल्ब पांढरा पेटला असेल तर ते पंपाच्या आतच. आणि नवा पंप बसवताना बाजारचा कपलर जोडला असेल तर धन-ऋण पुन्हा एकदा तपासा. उलटे जोडल्यास पंप उलटा फिरतो, आवाज अगदी ठीक येतो, दाब मात्र येत नाही. दाब कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, बऱ्याच गाड्यांत तो ३ बारच्या आसपास असतो.

या सगळ्यात मला सर्वांत धोकादायक वाटतो तो ‘डायरेक्ट’चा उपाय. रिले सापडत नाही किंवा चालत नाही म्हणून पंपाची तार सरळ चावीच्या स्विचवरून घेतात आणि गाडी मालकाच्या हवाली करतात. गाडी चालते, मालक खूश होतो. पण इंजिन बंद पडताच दोन-तीन सेकंदांत पंप थांबवणे हे कंट्रोल युनिटचे काम, ते या जोडणीत उरत नाही. अपघातात इंधनाची नळी तुटली, ड्रायव्हर अडकला आणि चावी ‘ऑन’ राहिली, तर पंप गरम इंजिनवर पेट्रोल ओतत राहील. रात्री रस्त्यात अडकलो तर जोडतार लावून घर गाठणे समजू शकतो. दुसऱ्या दिवशी ती काढलीच पाहिजे. मेकॅनिक मित्रांना हात जोडून विनंती आहे, असे काम करून गाडी देऊ नका.

नवा पंप घातला तर तो टिकावा यासाठी दोन गोष्टी. टाकीतल्या पंपाला थंड ठेवते ते टाकीतले पेट्रोलच. रोज काटा लाल पट्टीवर ठेवून चालणाऱ्या गाडीचा पंप तापतो आणि लवकर जातो. सीएनजी किट लावलेल्या गाडीत तर बरेच मालक टाकीत नावापुरते पेट्रोल ठेवतात आणि गॅसवर चालतानाही पंप बिचारा फिरतच असतो. पाव टाकी नेहमी असू द्या. आणि पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल पाणी ओढून घेते. दोन महिने अर्ध्या टाकीने उभी राहिलेली गाडी पावसाळी हवा आत घेत राहते, तळाशी पाणी जमते आणि टाकीतली टोके, जाळी, पंप सगळ्यांना गंज धरतो. बंदीत गाडी उभी करताना टाकी भरून ठेवा, आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालवा. त्याच वेळी बॉनेटखाली आणि टाकीजवळ एक नजर टाका, कारण पावसात कोरडी जागा शोधणारे उंदीर वायरिंगवरच बसतात.

आता डिझेल. रोटरी पंपाच्या जुन्या डिझेल पिकअपमध्ये टाकीत विजेचा पंप नसतो, पण इंजेक्शन पंपाच्या डोक्यावर एक बंद-चालू सोलेनॉइड असतो. चावी ‘ऑन’ केली की त्याला १२ व्होल्ट मिळून ‘टक’ आवाज झाला पाहिजे, मग डिझेलची वाट उघडते. त्याच्या टोकावरचे थिंबल मीठ-पाण्याने सुटते आणि मालकाला पंप खोलायचा भला मोठा खर्च सांगितला जातो. आधी त्या टोकावर व्होल्ट मोजा. नंतर बॅटरीवरून फ्यूज घातलेल्या तारेने त्याला क्षणभर करंट देऊन टक होते का ऐका. सोलेनॉइडमधला दांडा काढून टाकून गाडी देतात तेही चूक, मग ती चावीने बंदच होत नाही. कॉमन रेलच्या डिझेलमध्ये मात्र घरच्या घरी नळ्या सैल करून पाहू नका. तिथला दाब शेकडो बारचा असतो, बारीक फवाराही कातडी भेदून आत जातो.

मासळीच्या गाडीचे धुणे ही शेवटची गोष्ट. प्रत्येक फेरीनंतर हौदा धुतला जातो, चेसिस नाही. गोड्या पाण्याची नळी पाच मिनिटे खालून फिरवा, टाकीच्या आजूबाजूला आणि मागच्या आडव्या पट्टीवर. प्रेशरचा फवारा कपलरवर सरळ मारू नका. हौद्याच्या पाण्याला नळी लावून ते चेसिसच्या बाहेर, मागे सोडता येते. मीटरभर प्लास्टिकच्या नळीचे काम आहे.

धक्क्यांवरच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गाड्यांची अशी तपासणी ठेवली आणि म्हापसा, वास्को, मडगावच्या आयटीआयमधल्या मुलांना त्यासाठी बोलावले, तर दोघांचेही काम होईल. एका गाडीला बल्ब आणि मीटर लावून अर्थ बघायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. मुलांना तेवढ्यात व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्ट, काय असतो ते फळ्यावर न शिकता हातात दिसेल, आणि १ ऑगस्टला पहाटे धक्क्यावर चावी फिरवणाऱ्याला पंपाचा आवाज ऐकू येईल.

आपला विश्वासू,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, फोंडा